शून्य गुण मिळाले की पहिला नंबर

भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपली की पुढचे तीन महिने धुऱ्याधुऱ्यावर एकच चिंता असते: यंदा करपा येतो का? चार दिवस ढगाळ गेले, रात्रीचे दव वाढले, की पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसू लागतात. मधोमध राखाडी, कडेने तपकिरी. पुढे तीच बुरशी लोंबीच्या मानेवर चढली तर मानमोडी. बियाण्याच्या पिशवीवर किंवा माहितीपत्रकात मात्र लिहिलेले असते, 'करपा रोगास मध्यम प्रतिकारक'. हे 'मध्यम' कुणी मोजले आणि कशाने? त्या मोजणीत खेकड्याचे कवच आहे, तलावाकाठचे पाणकणीस आहे, गुन्हेगारांच्या मागावरच्या पोलिसांचे रसायन आहे आणि साधी शाळकरी पट्टीसुद्धा आहे.

नऊ म्हणजे संपले

धानाच्या पानांवरील करपा मोजण्याची एक पट्टी जगभर चालते. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ठरवलेली, शून्य ते नऊ अशी. शून्य म्हणजे पानावर काहीच नाही. एक म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके. दोन-तीनपर्यंत ठिपके एक-दोन मिलिमीटरचे, गोलसर. चारपासून खरा करपा सुरू होतो: तीन मिलिमीटर किंवा त्याहून लांब, डोळ्यासारखे ठिपके, पण पानाचा चार टक्क्यांहून कमी भाग गेलेला. पाच म्हणजे चार ते दहा टक्के, सहा म्हणजे अकरा ते पंचवीस, सात म्हणजे पन्नासपर्यंत. नऊ म्हणजे पाऊण पानाहून जास्त भाग करपला. साधारणपणे शून्य ते तीन गुणांचा वाण प्रतिकारक मानतात आणि चार-पाचवाला मध्यम प्रतिकारक.

यातला एक गुणाचा ठिपका फार बोलका आहे. बुरशी आत शिरताच प्रतिकारक झाडाच्या त्या जागच्या पेशी स्वतःहून मरतात. बुरशीला जिवंत पेशी हवी असते. ती मिळाली नाही की तिची वाट तिथेच खुंटते. त्यामुळे पानावर बारीक तपकिरी टिंबे दिसली म्हणून वाण फसला असे समजू नये. तिथे झाडाने काही पेशी देऊन पान वाचवलेले असते.

रोग मुद्दाम आणायचा

प्रतिकार मोजायचा तर आधी रोग हवा, तोही जोरदार. शेतकरी जे जे टाळतो ते सगळे इथे मन लावून केले जाते. वाफ्यावर अर्ध्या मीटरच्या ओळी, ओळींत दहा सेंटिमीटर अंतर, नत्र भरपूर, पाणी शिंपडून पाने ओली ठेवलेली. सभोवती करप्याला हमखास बळी पडणारे वाण, उदाहरणार्थ एचआर-१२ किंवा सीओ-३९. तेच रोग पसरवतात आणि तेच मोजणीला आधारही देतात. एचआर-१२ निरोगी राहिला, तर शेजारच्या वाणाचा शून्य कुणी मानत नाही. रोग आलाच नव्हता, मग प्रतिकार कसला? दुसऱ्या टोकाला टेटेपसारखा व्हिएतनामी वाण लावतात, जो करप्याला सहसा दाद देत नाही. या दोघांच्या मध्ये नव्या वाणाची जागा ठरते.

असे रोगवाफे देशभर असतात. १९६५ साली सुरू झालेला अखिल भारतीय समन्वित भात संशोधन प्रकल्प हैदराबादच्या राजेंद्रनगरातून चालतो, आणि एकच वाण अनेक ठिकाणच्या बुरशीसमोर उभा केला जातो. महाराष्ट्रात करप्यासाठी लोणावळ्याचे नाव आदराने घेतात. पर्यटकांना जे धुके आणि गारवा हवा असतो, तोच या बुरशीलाही हवा असतो.

आपल्या जिल्ह्यात साकोलीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. साकोली-६, साकोली-७, साकोली-८ हे वाण तिथलेच. पूर्व विदर्भाचे विभागीय केंद्र चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला. झाडीपट्टीच्या धानाचा बराच इतिहास या दोन गावांत घडला आहे, आणि बाहेरच्यांना तो फारसा ठाऊक नाही याची रुखरुख वाटते.

एका चौकोनात दहा

प्रयोगशाळेत नशिबावर काही सोडत नाहीत. रोगट पानावरून एकच बीजाणू उचलून बुरशी वाढवतात, ओटच्या पिठाच्या खाद्यावर किंवा निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर. मग ती पाण्यात खरवडतात आणि बीजाणू मोजतात. मोजायला काच वापरतात ती रक्तपेशी मोजण्याचीच. तिच्यावर एक मिलिमीटर लांब-रुंद चौकोन कोरलेला असतो आणि खोली एक दशांश मिलिमीटर. त्यात दहा बीजाणू दिसले की एका मिलिलिटरमध्ये एक लाख आहेत असा हिशेब. एक लाख हेच प्रमाण बहुतेक प्रयोगशाळांत चालते.

तीन-चार पानांच्या रोपांवर हे पाणी फवारायचे, पंचवीस अंशांच्या आसपास, दमट अंधाऱ्या पेटीत एक रात्र ठेवायचे. पुढचे काम बुरशीचे. साधारण दोन तासांत बीजाणू रुजतो, रात्र संपण्याआधी पानावर घट्ट चिकटतो, चोवीस तासांत आत शिरतो. सातव्या दिवशी गुण द्यायचे.

टायरच्या पस्तीस पट

पानात शिरण्याची या बुरशीची पद्धत थक्क करणारी आहे. बीजाणूतून फुटलेल्या कोंबाच्या टोकाशी एक गोल काळी पेशी तयार होते. ती ग्लिसरॉल साठवते, त्यामुळे पाणी आत ओढले जाते आणि दाब वाढत जातो, वाढतच जातो. १९९१ साली शास्त्रज्ञांनी कमी-जास्त कठीण प्लास्टिकचे पातळ पडदे बुरशीपुढे ठेवले आणि ती कोणता भेदते ते पाहिले. हिशेब निघाला ८ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ऐंशी पट. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पस्तीसएक पट. हे सगळे एका पेशीत, जी उघड्या डोळ्यांना दिसतही नाही!

एवढा दाब धरून ठेवण्यासाठी पेशीच्या भिंतीला मेलॅनिनचे अस्तर लागते. आपल्या केसांना काळा रंग देणारे द्रव्यही मेलॅनिनच. धान उत्पादकांच्या ओळखीचे ट्रायसायक्लाझोल नेमके हे अस्तर तयार होऊ देत नाही. बुरशी मरत नाही, पण दाब टिकत नाही आणि पान भेदले जात नाही. म्हणूनच ते बुरशी आत शिरण्याआधी पडले तर उपयोगी. ठिपके पानभर झाल्यावर त्या पानासाठी उशीर झालेला असतो. आणि त्याच्या अंशाबाबत युरोपीय संघाने तांदळात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक मर्यादा घातली आहे. प्रतिकारक वाणाची किंमत अशा वेळी कळते.

ही भेदण्याची क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तर? कांद्याचा पापुद्रा पुरतो. पारदर्शक, एकाच थराचा, स्वस्त. जगातल्या नामांकित प्रयोगशाळाही कांदा सोलूनच हे पाहतात.

पान उजळते

बुरशीच्या भिंतीत कायटिन असते. बांधीतल्या खेकड्याचे कवचही त्याच द्रव्याचे. धानाच्या पेशीवर कायटिन ओळखणारे प्रथिन असते. ते जागे झाले की पेशी काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्ये सोडते. मग प्रयोगशाळेत खऱ्या बुरशीचीही गरज उरत नाही. पानाच्या बारीक गोल चकत्या कापायच्या, त्यांवर कायटिनचे तुकडे टाकायचे (बाजारात मिळणारे कायटिन बहुधा खेकडा-कोळंबीच्या कवचापासून बनते) आणि सोबत ल्युमिनॉल. पेरॉक्साइड सुटताच ल्युमिनॉल मंद निळा उजेड देते. यंत्र अंधारात तो उजेड मोजते. पंधरा-वीस मिनिटांत कळते की झाड किती लवकर आणि किती जोराने सावध झाले.

पुसून टाकलेले रक्ताचे डाग शोधायला पोलिसांची न्यायवैद्यक पथके वापरतात ते ल्युमिनॉल हेच.

दुसरी एक मोजणी अशी: पानातून सगळा डीएनए काढायचा आणि त्यात धानाचा किती, बुरशीचा किती, ते पाहायचे. डोळ्यांना ठिपका दिसण्याआधीच बुरशी किती पसरली हे आकड्यात कळते.

पाणकणसाची कांडी

करपा म्हटला की पान आठवते, पण बांधीत पाण्यालगत खोडावर लागणारा पर्णकोष करपा वेगळा. बुरशी वेगळी, मोजमापही वेगळे. भंडाऱ्यातल्या मालगुजारी तलावांच्या काठाने भरपूर दिसणारे पाणकणीस इथे उपयोगी पडते. त्याच्या खोडाचे छोटे तुकडे निर्जंतुक करून त्यांवर ही बुरशी वाढवतात आणि तुकडे धानाच्या फुटव्यांमध्ये खोचतात. भारतीय संशोधकांनी रूढ केलेली ही पद्धत आजही वापरात आहे, कारण प्रत्येक झाडाला सारखीच लागण देता येते.

नंतर काढायची पट्टी. डाग किती उंच चढला आणि झाड किती उंच, एवढेच मोजायचे. १०० सेंटिमीटरच्या झाडावर डाग ४० सेंटिमीटरपर्यंत गेला तर ४० टक्के, गुण पाच. ६५ टक्क्यांच्या वर गेला तर नऊ. या रोगाला पूर्ण दाद न देणारा धानाचा वाण आजवर सापडलेला नाही. त्यामुळे इथे दहा सेंटिमीटर खाली थांबलेला डागही मोठी कमाई असते.

आभासमय काजळीची तपासणी सुईने होते. लोंबी पोटरीत असतानाच पिचकारीने बीजाणूंचे पाणी आत सोडतात आणि नंतर लोंबीवरच्या हिरव्या-पिवळ्या गाठी मोजतात. दक्षिणेत जुने लोक या रोगाला लक्ष्मी म्हणत. गाठी दिसल्या की पीक चांगले, असा समज होता.

जवसाने शिकवलेले

धान कापायच्या आधी ओल्या बांधीत जवस, लाखोळी फेकण्याची रीत आपल्याकडे जुनी. त्याच जवसाने जगाला वनस्पतींच्या रोगप्रतिकाराचा सगळ्यात मोठा नियम दिला. अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये हॅरॉल्ड फ्लोर हे शास्त्रज्ञ जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होते. १९४०च्या दशकात त्यांनी दाखवले की जवसातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीतले एक जनुक जोडीला असते. जोडी जुळली तर झाड बुरशीला ओळखते आणि अडवते. बुरशीने आपले जनुक बदलले किंवा गाळले, की ओळख संपली आणि कालपर्यंतचा प्रतिकारक वाण आज बळी.

फ्लोर यांनी झाड आणि बुरशी दोघांचेही संकर केले, दोन्हीकडच्या पिढ्या मोजल्या. त्या काळात डीएनएची रचनाही माहीत नव्हती! माझ्या मते शेतीच्या विज्ञानातले हे सर्वांत देखणे काम आहे, आणि ते जवसासारख्या दुर्लक्षित पिकावर झाले याचा विदर्भाने आनंद मानावा. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालते. एनएल-९७ हा वाण तिथला.

या नियमामुळेच शून्य गुण कायमचा नसतो. एका जनुकाच्या बळावर मिळालेला शून्य काही हंगामांत सात-आठवर जाऊ शकतो, कारण बुरशीत तेवढा एक बदल पुरतो. करप्याच्या एका ठिपक्यातून रोज दोन ते सहा हजार बीजाणू सुटतात, तेही दोनेक आठवडे. बदल घडायला संधी भरपूर.

'मध्यम'ची बाजू

म्हणून मला पिशवीवरचा 'मध्यम प्रतिकारक' हा शेरा कमी दर्जाचा वाटत नाही. त्यामागे अनेकदा बरीच लहान-लहान जनुके असतात, आणि बुरशीला ती सगळी एकदम चुकवणे जड जाते. १९६३ साली वनस्पतिरोगतज्ज्ञ व्हॅन डर प्लँक यांनी हा फरक मांडला. जपानमधल्या कोरडवाहू धानात असा टिकाऊ मध्यम प्रतिकार होता, पण तो चांगल्या वाणात आणला की भात बेचव व्हायचा. पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या हैराण. २००९ साली उलगडा झाला: प्रतिकार देणाऱ्या जनुकाला अगदी लागून चव बिघडवणारे जनुक होते. दोघांना वेगळे करताच प्रतिकारही राहिला आणि चवही. ज्या जिल्ह्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

मध्यम प्रतिकार एका दिवसाच्या गुणात नीट दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला गुण घेऊन बेरीज करतात. समजा दोन वाण आहेत. पहिल्याचे चार आठवड्यांचे रोगाचे प्रमाण १०, ३०, ५०, ५० टक्के. दुसऱ्याचे शून्य, ५, १५, ५०. शेवटी दोघेही पन्नासवर. पण आलेख काढून त्याखालचे क्षेत्रफळ मोजले, तर पहिल्याचे ७७० आणि दुसऱ्याचे ३१५. दुसऱ्या वाणाने रोगाला आठवडाभर, दोन आठवडे रोखून धरले, आणि तेवढ्यात दाणा भरतो.

डोळ्याचा दोष

रोगाचे टक्के डोळ्याने ठरवणे अवघड. पान निम्म्याहून कमी करपले असेल तर डोळा करपलेला भाग पाहतो. निम्म्याहून जास्त असेल तर उरलेला हिरवा. हॉर्सफॉल आणि बॅरट यांनी १९४५ साली हे ध्यानात घेऊनच आपली मोजपट्टी केली. त्याआधी १८९२ मध्ये ऑस्ट्रेलियात नेथन कॉब यांनी गव्हाच्या तांबेऱ्यासाठी १, ५, १०, २०, ५० टक्के अशी पानांची चित्रेच काढून दिली होती. चित्र शेजारी धरा आणि ताडून पाहा. आता फोटो काढून संगणक मोजतो, तरी नव्या मुलामुलींना आधी चित्रांवर डोळा तयार करायला लावतात.

सुटे दाणे

भारतात करप्याची पहिली नोंद १९१३ ची, तंजावरच्या त्रिभुज प्रदेशातली. भोसल्यांचे तेच तंजावर.

२००५ या एकाच वर्षी धानाचा आणि त्याच्या करप्याच्या बुरशीचा, दोघांचाही जनुकपट प्रसिद्ध झाला.

२०१२ साली वनस्पती-बुरशीच्या अभ्यासकांनी जगातल्या दहा महत्त्वाच्या रोगकारक बुरशा निवडल्या. पहिला क्रमांक धानाच्या करप्याचा.

धानाच्या एका रोगात रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोलमडतात. १९२६ साली जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी दाखवले की हे त्या बुरशीने सोडलेल्या द्रव्याचे काम आहे. ते द्रव्य म्हणजे जिबरेलिन. नाशिक-सांगलीचे बागायतदार द्राक्षमणी लांब करायला 'जीए' वापरतात ना, तेच!

पुसा बासमती १८४७ या २०२१च्या वाणात करप्याविरुद्धची दोन जनुके आहेत. पानाचा कण घेऊन डीएनए तपासला की रोपात ती आली की नाही हे रोग न लावताच समजते. त्यातले पीआय-५४ हे जनुक टेटेपमधले, आणि ते शोधून काढले दिल्लीच्या भारतीय शास्त्रज्ञांनी.

हरभऱ्याच्या मर रोगासाठी हैदराबादजवळ पाटणचेरूला रोगट शेतच जपून ठेवले आहे. मेलेली झाडे कापून मातीत मिसळत राहायची, आणि मधल्या ओळींत जेजी-६२ हा हमखास मरणारा वाण. तो मेला की बाकीच्यांची मोजणी खरी.

मिसळ केली तर

प्रतिकार फक्त झाडात मोजायचा असतो असेही नाही. चीनच्या युन्नान प्रांतात हजारो शेतकऱ्यांनी करप्याला बळी पडणारा चिकट तांदूळ प्रतिकारक धानाच्या ओळींमध्ये लावला. २००० साली निकाल छापून आला: चिकट तांदळावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी, उत्पन्न ८९ टक्क्यांनी जास्त. वाण तोच, शेजारी बदलला. जपानच्या निइगाता प्रांताने २००५ पासून कोशिहिकारी या लाडक्या वाणाची वेगवेगळी प्रतिकारक जनुके असलेली भावंडे एकत्र मिसळून द्यायला सुरुवात केली. जेवणाऱ्याला फरक कळत नाही, बुरशीला कळतो.

शेजाऱ्याइतकेच महत्त्व खताला. नत्र वाढले की करपा वाढतो, आणि सिलिका वाढली की घटतो. धान मातीतून सिलिका भरपूर शोषतो आणि पानाच्या त्वचेत साठवतो. काळ्या पेशीला तिथून शिरणे कठीण होते. राइस मिलच्या बाहेर पडलेल्या तुसाच्या राखेत ८० टक्क्यांहून अधिक सिलिका असते, आणि पऱ्ह्यांच्या वाफ्यात ती मिसळण्याची शिफारस जुनीच आहे.

तुमच्या बांधीत डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसलेच, तर पाने साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला नेताना प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. आत पाणी सुटते आणि कुजवणाऱ्या इतर बुरशा मूळ बुरशीला झाकून टाकतात. कोरडी पाने कागदी पाकिटात घाला, वर वाणाचे नाव, गाव आणि तारीख लिहा. प्रयोगशाळा अशा पानावरची बुरशी कागदाच्या कपट्यांवर वाढवून, वाळवून, उणे २० अंशांत ठेवू शकते, आणि तिथे ती कित्येक वर्षे जिवंत राहते. पुढे एखादा नवा वाण तपासायला आला, की हीच बुरशी बाहेर काढून त्याच्यावर फवारता येते.